फायर अलार्म वाजला, पण तिसऱ्या मजल्यावरचं दार सुटलंच नाही

सहा मजल्यांची कार्यालयीन इमारत. प्रत्येक मजल्यावर दोन जिने आणि जिन्यांच्या दारांवर कार्डाने उघडणारी ईएम (विद्युतचुंबकी) लॉक. मॉक ड्रिलच्या दिवशी तळमजल्यावरचा कॉल पॉइंट, म्हणजे आगीची सूचना देणारं बटण दाबलं, हूटर वाजले आणि बारापैकी अकरा दारं आपोआप सुटली. तिसऱ्या मजल्यावरचं मागच्या जिन्याचं दुहेरी दार मात्र तसंच चिकटून राहिलं.

लोकांनी कार्ड लावलं. रीडरवर हिरवा दिवा लागला, बीपही वाजला, पण दार हललं नाही. एकाने एक्झिट बटण दाबलं, दुसऱ्याने शेजारचा हिरवा ब्रेक ग्लास, म्हणजे आणीबाणीत लॉकची वीज तोडणारा काचेचा स्विच, फोडला. तरीही काही झालं नाही. मागे गर्दी साचायला लागल्यावर फ्लोअर वॉर्डनने सगळ्यांना पुढच्या जिन्याकडे वळवलं. ड्रिल संपली, फायर पॅनल (अलार्मची नियंत्रणपेटी) रीसेट झालं, आणि तेच दार पहिल्याच कार्डाला मुकाट उघडलं.

दुपारी सर्व्हिस एजन्सीचा माणूस आला. त्याने कार्ड लावून पाहिलं, एक्झिट बटण दाबून पाहिलं, दार ओढून लॉक नीट धरतंय याची खात्री केली. रिपोर्टमध्ये त्याने लिहिलं, ‘दार सुस्थितीत. गर्दीत कार्ड नीट लावलं गेलं नसावं.’ यातलं पहिलं वाक्य खरं होतं, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. रोजच्या वापराच्या प्रत्येक चाचणीत हे दार पास होत होतं. फक्त ज्या एका प्रसंगासाठी ते सुटायला हवं, त्याच प्रसंगात ते सुटत नव्हतं.

मूळ रचना काय होती

ईएम लॉक म्हणजे चौकटीवर बसवलेलं विद्युतचुंबक आणि दाराच्या फळीवर बसवलेली लोखंडी प्लेट. कॉईलला वीज असेपर्यंत प्लेट धरून ठेवली जाते, वीज गेली की दार मोकळं होतं. याला फेल-सेफ म्हणतात, आणि सुटकेच्या मार्गावर असं लॉक चालतं ते याच कारणामुळे. इथली लॉक 12 व्होल्टची, प्रत्येकी साधारण अर्धा ॲम्पियर घेणारी आणि सुमारे 270 किलो ताकदीची होती. दुहेरी दाराला दोन लॉक, म्हणजे एकूण भार एक ॲम्पियर.

प्रत्येक मजल्याच्या शाफ्टमध्ये, म्हणजे केबलच्या उभ्या कोनाड्यात, बॅटरीसह 12 व्होल्टचा पॉवर सप्लाय आणि कार्ड तपासून दार सोडणारा ॲक्सेस कंट्रोलर होता. पॉवर सप्लायमधून दोन वाटा निघत होत्या. एक थेट कंट्रोलरच्या बोर्डाला जात होती. दुसरी वाट लॉकची. ती आधी फायर रिलेच्या (फायर पॅनलच्या इशाऱ्यावर फिरणारा विजेचा स्विच) कॉन्टॅक्टमधून, मग कंट्रोलरच्या डोअर रिलेमधून आणि शेवटी दाराजवळच्या हिरव्या ब्रेक ग्लासमधून लॉकपर्यंत पोचायची. अलार्म आला की फायर रिले लॉकची वाट तोडणार. कंट्रोलर त्या वेळी हँग झालेला असो, सर्व्हर बंद असो की सॉफ्टवेअर अडकलेलं असो, काही फरक पडत नाही, कारण वीज तोडण्याच्या त्या निर्णयात त्यांना हातच घालता येत नाही. ड्रॉइंगवर ही रचना उत्तम होती, आणि अकरा दारांवर ती तशीच चाललीही.

पहिला धागा: तीन नोंदी, तीन घड्याळं

आम्ही आधी नोंदी एकत्र मांडल्या. फायर पॅनलचं घड्याळ हाताने लावलेलं, ॲक्सेस सर्व्हरचं नेटवर्कवरून जुळणारं आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचं तिसरंच. तिन्हींत काही मिनिटांचा फरक होता, त्यामुळे नुसत्या वेळा वाचल्या तर अलार्म येण्याच्या आधीच दार अडल्यासारखं दिसत होतं. जुळवणीसाठी खूण मिळाली ती हूटरवरच्या फ्लॅशरची. कॉरिडॉरच्या कॅमेऱ्यात त्याची पहिली लखलख स्पष्ट दिसत होती. तिथून पुढे मोजल्यावर क्रम लागला.

ॲक्सेसच्या नोंदीत त्या काळात या दारावर ओळीने ‘प्रवेश मंजूर’ असं होतं, पण एकाही मंजुरीनंतर डोअर कॉन्टॅक्टची (दार उघडलं की कळवणाऱ्या सेन्सरची) ‘दार उघडलं’ ही नोंद नव्हती. म्हणजे कार्ड नीट लागलं होतं, कंट्रोलर जिवंत होता आणि त्याने आपला रिलेही फिरवला होता. शाफ्टमधल्या फायर रिलेनेही काम केलं होतं, कारण त्याच मजल्यावरचं पुढचं दार त्याच रिलेवर होतं आणि ते सुटलं होतं. मूळ ड्रॉइंगप्रमाणे पाहिलं तर या लॉकला त्या क्षणी वीज मिळण्याची एकही वाट उरत नव्हती. तरीही ते धरून बसलं होतं. त्याला वीज दुसरीकडून कुठून तरी मिळत होती, एवढाच अर्थ यातून निघतो.

दुसरा धागा: रात्रपाळीची वही

सुरक्षारक्षकांची रात्रीच्या फेरीची वही सहसा कुणी उघडत नाही. आम्ही ती मागितली आणि या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा तिथेच सापडला. ‘ति. मजला मागचं दार उघडं मिळालं, बंद केलं’ अशी नोंद कित्येक महिने अधूनमधून येत होती. सुपरवायझर म्हणाले, “साहेब, आम्ही प्रत्येक वेळी वर कळवलं. सफाईचे लोक दार लोटून ठेवतात असं उत्तर मिळालं.”

नोंदींच्या वेळा मात्र काही वेगळंच सांगत होत्या. सुरुवातीच्या महिन्यांत दार पहाटेच्या फेरीत उघडं मिळत होतं. पुढे वेळ अलीकडे सरकत गेली, आणि शेवटच्या नोंदी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळाच्या होत्या. सफाई कर्मचाऱ्यांची सवय अशी महिन्यामहिन्याला मागे सरकत नाही. बॅटरी मात्र अशीच म्हातारी होते.

इलेक्ट्रिशियनला विचारलं तेव्हा कळलं की त्या मजल्यावरच्या कॉरिडॉरचे दिवे टायमरवर आहेत, रात्री 10 ला बंद, सकाळी 7 ला चालू. आता हिशेब सोपा होता. 7 अँपियर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी नवी असताना एक ॲम्पियरचा भार जेमतेम पाच-साडेपाच तास उचलते. तिच्यावर छापलेली 7 ही क्षमता वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याच्या हिशेबाने धरलेली असते. रात्री 10 पासून भार आला तर पहाटे तीन-साडेतीनला ती संपणार आणि लॉक ढिलं पडणार. शिवाय रोज रात्री तळापर्यंत रिकामी होणारी लेड-ॲसिड बॅटरी काही महिन्यांतच खंगते. वहीतल्या सरकत गेलेल्या वेळा म्हणजे त्या बॅटरीच्या घटत्या क्षमतेचा आलेखच होता, फक्त तो काढणाऱ्यांना आपण काय काढतोय हे कळण्याचा काही मार्ग नव्हता.

फॉल्स सीलिंगच्या वर

दारावरची सीलिंगची टाइल काढली. वर एक लहान पत्र्याचा डबा, त्यात 12 व्होल्टचा पॉवर सप्लाय, एक 7 अँपियर-अवरची बॅटरी आणि बेसवर बसवलेला एक छोटा रिले. डब्याला 230 व्होल्ट शेजारच्या लाइट फिटिंगमधून टॅप केलेले. डीबीवर (वीज वाटपाच्या बोर्डावर) त्याचं नाव नाही, वेगळा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) नाही, ड्रॉइंगवर उल्लेख नाही. 230 व्होल्टच्या आणि 12 व्होल्टच्या वायरी एकाच डब्यात एकमेकींना खेटून, मध्ये पडदा नाही. एखादी मेनची वायर टर्मिनलमधून निसटली असती तर ती थेट लॉकच्या वायरीवर, म्हणजे लोक हात लावतात त्या धातूच्या चौकटीपर्यंत पोचू शकली असती. दाराचं प्रकरण बाजूला ठेवलं तरी एवढ्या एका कारणासाठी तो डबा त्याच दिवशी उतरवणं भाग होतं.

हा डबा तिथे का आला, हे समजून घेणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ज्याने तो बसवला त्याने खऱ्या तक्रारीवर उपाय शोधला होता. शाफ्टपासून हे दार सगळ्यात लांब, केबलच्या वाटेने सुमारे 55 मीटर. केबल 0.5 चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन 110 मीटर तांबं, म्हणजे जवळपास 4 ओहम. दोन लॉक समांतर जोडल्यावर त्यांचा रोध 12 ओहम. पॉवर सप्लायमधून 13.6 व्होल्ट निघत असले तरी लॉकवर 10.2 च्या आसपासच उरतात, आणि सप्लाय बॅटरीवर जाऊन 12 व्होल्टपर्यंत उतरला की फक्त 9. चुंबकाची पकड साधारणपणे करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे 9 व्होल्टवर ती निम्म्यापेक्षा थोडीच जास्त राहते. त्यात दाराची प्लेट आवळून घट्ट बसवलेली होती. ती रबरी वॉशरवर थोडी डुलती हवी, म्हणजे चुंबकाला सपाट चिकटते. तसं नव्हतं, आणि जोरात हिसका दिला की दार सुटत होतं. दार ओढलं की उघडतं, ही तक्रार खरी होती.

दाराजवळ वेगळा सप्लाय दिला की व्होल्टेजचा प्रश्न सुटतो. सुटलाही. मग कंट्रोलरकडून आलेल्या वायरींच्या जुन्या जोडीचं काय करायचं? ती वापरून रिलेची कॉईल चालवायची आणि रिलेच्या कॉन्टॅक्टमधून नव्या सप्लायची वीज लॉकला द्यायची. इथपर्यंतही काही बिघडलेलं नव्हतं. बिघडलं ते पुढच्या निवडीत. रिले दिवसभर ओढलेला, म्हणजे कॉईलला सतत वीज असलेला, राहू नये, तापू नये म्हणून जोडणी उलटी केली गेली. एरवी कॉईलला वीज नाही, आणि लॉक रिलेच्या एनसी (कॉईलला वीज नसताना जोडलेल्या) कॉन्टॅक्टवर चालू. कार्ड लागलं की कंट्रोलर आपल्या एनओ (एरवी तुटलेल्या) कॉन्टॅक्टमधून कॉईलला वीज देणार, रिले ओढला जाणार, एनसी तुटणार, दार सुटणार.

रोजच्या वापरात दोन्ही जोडण्या हुबेहूब सारख्या वागतात. पण मूळ रचनेत दार बंद ठेवायला वीज लागत होती, आता ते उघडायला वीज लागू लागली. आणि ती वीज येत होती त्याच जुन्या वाटेने, जी अलार्म आला की फायर रिले तोडतो. म्हणजे अलार्म वाजल्यावर कॉईलकडे जाणारी वीज गेली, रिले जसा होता तसाच राहिला आणि लॉक डब्यातल्या सप्लायवर ठामपणे चालू. कंट्रोलरने कार्ड मंजूर केलं, आपला रिले फिरवला, पण त्या रिलेच्या मागे आता व्होल्टेजच नव्हतं. एक्झिट बटण कंट्रोलरलाच सांगतं, त्यामुळे तेही निरुपयोगी. हिरवा ब्रेक ग्लास जुन्या जोडीतच राहून गेला होता, त्यामुळे तो फोडल्यावर आधीच मेलेली वायर आणखी एकदा तुटली. कार्ड, बटण, ब्रेक ग्लास आणि फायर रिले, सुटकेचे चारही मार्ग त्या एका बदलाने एकाच वेळी गेले. पॅनल रीसेट झाल्यावर कॉईलच्या वाटेवर वीज परत आली आणि दार पुन्हा शहाण्यासारखं वागू लागलं. सर्व्हिसवाल्याला ते सुस्थितीत सापडलं ते याचमुळे.

त्या गोंधळात कुणी दिव्यांचा एमसीबी पाडला असता तरी दार सुटलं नसतं. वर बॅटरी होती.

एवढे महिने कळलं कसं नाही

फायर अलार्मची ठरावीक काळाने चाचणी होत होती, पण दारांचं आउटपुट पॅनलवर डिसेबल करून. कामाच्या वेळेत सगळी दारं मोकळी होऊ नयेत म्हणून हा शिरस्ता पडला होता. चाचणीच्या कागदावर ‘इंटरफेस तपासले’ यापुढे खूण होती, आणि तपासलं जात होतं ते पॅनलवरचं मॉड्यूल प्रतिसाद देतंय का एवढंच. मॉड्यूलच्या पुढची वायर फायर एजन्सीच्या मते ॲक्सेसवाल्यांची. ॲक्सेसवाल्यांच्या मते फायर रिले हा फायर एजन्सीचा. सीलिंगवरचा लाइट पॉइंट विद्युत विभागाचा, आणि त्यातून निघालेली 12 व्होल्टची वायर ‘ईएलव्हीची (कमी व्होल्टेजच्या कामाची) आहे, आमची नाही’ असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत काम चोख केलं होतं हे मी मनापासून सांगतो. दोष होता तो नेमका हद्दीवरच्या टर्मिनलवर, आणि त्या टर्मिनलचं नाव कुणाच्याच चेकलिस्टमध्ये नव्हतं.

हिरवा ब्रेक ग्लास तर बसवल्यानंतर कुणी किल्लीने फिरवूनही पाहिला नव्हता. रीसेट होणारे ब्रेक ग्लास याच सोयीसाठी असतात, चाचणीला काच फोडावी लागत नाही.

काय बदललं

डबा काढला. लॉक 12 आणि 24 अशा दोन्ही व्होल्टेजवर चालणारी होती, जंपर (बोर्डावरची छोटी जोडपिन) बदलून ती 24 वर नेली. करंट निम्मा झाला, म्हणजे त्याच वायरीत पडणारं व्होल्टेज निम्मं, आणि एकूण 24 च्या तुलनेत ते चौथ्या हिश्शावर. केबलही 1.5 चौरस मिलिमीटरची ओढली. आता 55 मीटरवर अर्धा ॲम्पियर जातो आणि वाटेत पाऊण व्होल्टपेक्षाही कमी पडतं. मल्टिमीटर लॉकच्या टर्मिनलवर धरून, दोन्ही लॉक चालू असताना, आधी मेनवर आणि मग फक्त बॅटरीवर मोजून पाहिलं. रिकाम्या वायरीवर मोजलेलं व्होल्टेज इथे फसवं असतं. भार नसला की 0.5 ची केबलसुद्धा पूर्ण 13.6 दाखवते.

शाफ्टमधल्या 24 व्होल्टच्या सप्लायला डीबीवर स्वतःचा एमसीबी आणि स्वतःचं नाव मिळालं. लॉकची वीज पुन्हा फायर रिलेतून जाते, आणि तो रिले एरवी ओढलेला असतो, अलार्म आला की पडतो. त्याची कॉईल दिवसरात्र चालू राहते, थोडी कोमट राहते, आणि ते तसंच हवं. सतत चालण्यासाठी बनवलेला रिले घेतला की तापण्याची चिंता उरत नाही. हिरवा ब्रेक ग्लास लॉकच्या अगदी शेवटच्या टप्प्यात आणला आणि तो डबल पोल घेतला, म्हणजे धन आणि ऋण दोन्ही वायरी तोडतो. वाटेत कुठे चुकून दुसरा सप्लाय जोडला गेला तरी लॉकपर्यंत काही पोचत नाही. त्याच्या तिसऱ्या कॉन्टॅक्टवरून कंट्रोलरला सूचना जाते, त्यामुळे कुणी उगाच फिरवला तर सुरक्षा कक्षात लगेच कळतं.

उतरवलेल्या रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडून खडबडीत झाले होते. कॉईलचा करंट तुटताना उलट व्होल्टेजचा झटका येतो आणि ठिणगी पडते. लॉकला समांतर व्हेरिस्टर किंवा डायोड (हा झटका शोषणारे छोटे भाग) नसेल तर कॉन्टॅक्ट हळूहळू जळतात, कधी एकमेकांना चिकटूनही बसतात. एनसी कॉन्टॅक्ट चिकटला की कार्डानेही दार सुटत नाही. आम्ही लॉकजवळ व्हेरिस्टर लावले. डायोडही चालतो, पण त्याने चुंबक सुटायला किंचित जास्त वेळ लागतो आणि दार ओढणाऱ्याला ते जाणवतं.

वाद झाला तो मुद्दा

सुरक्षा प्रमुखांचा आक्षेप योग्य होता. रिले कायम ओढलेला ठेवायचा म्हणजे फायर पॅनलकडून येणारी वायर तुटली तर अख्ख्या मजल्याची दारं मोकळी. कुणी मुद्दाम तोडली तर? यावर आम्ही जिन्यांच्या दारांबाबत तडजोड केली नाही. वायर तुटली की दारं सुटणार, आणि त्याच क्षणी सुरक्षा कक्षात अलार्म येणार, हे मान्य करून घेतलं. ज्या खोल्यांना खरोखर कुलूप हवं, उदाहरणार्थ सर्व्हर रूम, तिथे ईएम लॉकच काढलं. वीज गेली तरी बाहेरून बंद राहणारं फेल-सिक्युअर इलेक्ट्रिक लॉक बसवलं, ज्याचं आतलं हँडल यांत्रिक आहे. आतला माणूस हँडल दाबून केव्हाही बाहेर पडतो, मध्ये ना रिले ना कंट्रोलर. सुरक्षा आणि सुटका यांचं भांडण बहुतेक वेळा चुकीचं लॉक निवडल्यामुळे असतं असं माझं मत आहे, आणि या इमारतीत ते लॉक बदलून मिटलं.

आता प्रत्येक दाराची चाचणी वीज काढून घेऊन होते. मजल्याचा मेन बंद करून सप्लाय बॅटरीवर नेतात आणि दार घट्ट आहे हे पाहतात. त्याच अवस्थेत फायर सिग्नल देतात, दार सुटलं पाहिजे. मग सगळं पूर्ववत करून कंट्रोलरचा प्लग काढतात आणि हिरवा ब्रेक ग्लास किल्लीने फिरवतात. शेवटी फायर पॅनलकडून येणारी वायर रिलेच्या टर्मिनलवरून सोडवतात. प्रत्येक वेळी दार हाताने लोटून पाहिलं जातं, रीडरच्या हिरव्या दिव्यावर किंवा सॉफ्टवेअरमधल्या नोंदीवर कुणी विसंबत नाही. चाचणीला फायर, ॲक्सेस आणि विद्युत अशा तिन्हींकडचे लोक दारापाशी हजर असतात आणि तिघांच्या सह्या एकाच कागदावर होतात. रात्रपाळीच्या वहीतल्या ‘दार उघडं मिळालं’ या नोंदी वेळेसह दर आठवड्याला देखभाल विभागाकडे जातात. त्याच निमित्ताने बाकीच्या मजल्यांवरही दारांवरच्या टाइल्स काढून पाहिल्या. पाचव्या मजल्यावर तसाच एक डबा निघाला. त्यातला रिले सरळ जोडलेला होता, म्हणून ड्रिलमध्ये ते दार सुटलं होतं. तोही उतरवला.